बचाव बोलका हवा

आमच्या सोलापुरात कबड्डीच्या एकाच संघात घरी तेलुगू, कन्नड, मराठी बोलणारी पोरं असतात. म्हणून सरावाच्या पहिल्याच दिवशी मैदानावरचे शब्द ठरवून टाका. चारपाचच, तेही एका दमात निघणारे: ‘बोनस’, ‘तिसरी’, ‘घे’, ‘सोड’.

‘तिसरी’ म्हणजे समोरच्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात. आता गुण चढाईला येणाऱ्याला घ्यायचाय, घाई आपण करायची नाही. ‘बोनस’ म्हणजे चढाईवाल्याला बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण; ती हाक मात्र आत आपले सहा-सात जण असतील तेव्हाच. तीनच उरले की बोटं दाखवा; पकडीला एक गुण जादा मिळतो.

खरी गंमत साखळीत, म्हणजे हातात हात धरून उभं राहण्यात आहे. चढाईला आलेला गडी तुमचं सगळं ऐकतो, म्हणून तिथं बोलायचं हातानं. कोपऱ्यानं, म्हणजे टोकाला उभ्या गड्यानं, शेजाऱ्याचा हात एकदा दाबला तर थांब. दोनदा दाबला तर मी घोट्याला जातोय, तू कंबर धर. निर्णय कोपऱ्याचाच, कारण पाय त्याच्यासमोर असतो. शेजाऱ्यानं आधीच उडी घेतली की दोघंही बाहेर. एप्रिलच्या उन्हात तळवे घामानं निसटतात, तेव्हा मनगट धरा.

आणि गडी बाद झाल्यावर ‘का बे, कुठं बघत होतास?’ हे मैदानात नको. पाणी पिताना विचारा.