निसर्गाजवळच्या घरी मित्रांसोबत: लक्ष जागेवर कसे ठेवावे

निसर्गाजवळ राहायला गेल्यावर मन आपोआप स्थिर होते, हा समज फार दिवस टिकत नाही. कारण अशा घराची कामे संपतच नाहीत, आणि झाडाकडे पाहतानाही डोक्यात गळके छप्पर आणि वाढलेले गवतच घोळत राहते. म्हणून आधी बसण्याची एक जागा ठरवावी. घराजवळचा एखादा दगड किंवा झाडाचा बुंधा पुरेसा आहे. तेथे रोज पहाटे पंधरा-वीस मिनिटे हातात काहीही न घेता बसावे आणि मन भरकटले की ऐकू येणाऱ्या सर्वांत दूरच्या आवाजाकडे लक्ष न्यावे. जागा मात्र बदलू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आज कोणती कळी उमलली, कोणता पक्षी आला नाही, हे रोज तीच जागा पाहणाऱ्यालाच कळते.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार प्रयत्नपूर्वक एकवटलेले लक्ष थकते, आणि ढग, पानांची सळसळ, वाहते पाणी यांसारख्या सहज गुंतवणाऱ्या गोष्टींच्या सहवासात ते पुन्हा ताजे होते.

खरी कसोटी मित्र आल्यावर लागते. पाहुण्यांची सोय पाहण्यात यजमान इतका गुंततो की त्यांच्याशी निवांत बोलणेही होत नाही. त्यामुळे अंथरुणे आणि स्वयंपाकाची बरीचशी तयारी आदल्या दिवशीच उरकावी, एका वेळी दोघा-तिघांनाच बोलवावे, आणि रस्ता, मोबाईलची रेंज, डास, पायांतले बूट यांविषयी आधीच स्पष्ट कळवावे. उरलेल्या कामांत त्यांनाही हक्काने सामील करून घ्यावे. झाडांना पाणी घालताना किंवा शेजारी शेजारी चालताना मनातले बोलणे समोरासमोर बसण्यापेक्षा सहज निघते. फिरताना प्रत्येक पक्ष्याचे नाव सांगण्याचा मोह आवरावा. मित्राला स्वतःहून काही दिसू द्यावे, आणि त्याने विचारले तरच सांगावे.

सर्वांत मोलाची वेळ रात्रीची, आणि तिची आखणी चंद्र पाहूनच करावी. अमावास्येच्या आसपास तारे उत्तम दिसतात; पण मला त्याहून आवडतात त्या पौर्णिमेनंतरच्या चौथ्या-पाचव्या रात्री, कारण चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवत असल्याने तोवर संध्याकाळी काही तास गडद अंधार मिळतो आणि जागे राहिल्यास चंद्रोदयही पाहता येतो. घरातले सगळे दिवे मालवून, साफ केलेल्या मोकळ्या जागेत चटया अंथराव्यात. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधले रंगद्रव्य हळूहळू भरून येते. मोबाईलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी त्यातले बरेचसे वाया जाते. म्हणून मोबाईल आतच ठेवण्याची विनंती बसण्यापूर्वीच, कारणासह आणि प्रेमाने करावी, आणि गरजेपुरता मंद लाल दिवा जवळ ठेवावा. अंधुक तारा थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवून पाहिला की अधिक ठळक दिसतो, एवढे मित्रांना जरूर सांगावे. आकाश पुरेसे काळे असेल आणि ऋतू अनुकूल असेल, तर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका (ताऱ्यांचा एक प्रचंड समूह) नुसत्या डोळ्यांनी फिकट ठिपक्यासारखी दिसते, आणि ती सापडल्यावर कोणी काही बोलले नाही तर ती शांतता मोडू नये. यजमानाने संभाषण चालू ठेवलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

परतताना मात्र विजेरी लावून, पायांखाली पाहतच चालावे. शक्य असल्यास मित्रांना किमान दोन रात्रींसाठी बोलवावे: पहिली रात्र बहुधा प्रवासाच्या थकव्यात जाते, आणि आकाश ढगाळ निघाले तरी दुसरी हाती राहते.