बिअर किती आंबली, झाकण न उघडता कसं कळणार

घरी बिअर करताना एअरलॉकमधले (झाकणावरची छोटी झडप, गॅस बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) बुडबुडे मोजून फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, संपलं का हे ठरवू नका प्लीज. झाकणाचं रबर जरा ढिलं असलं की गॅस तिकडूनच निघून जातो आणि बुडबुडा एकही दिसत नाही, उलट सगळं संपल्यावर नुसतं तापमान वाढलं तरी बिअरमध्ये विरघळलेला गॅस बाहेर येतो आणि बुडबुडे परत सुरू. बरं, रोज झाकण उघडून हायड्रोमीटरसाठी (द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी) सँपल काढायचं तर दरवेळी हवा आत जाते, बिअरही वाया जाते.

त्यापेक्षा आतच तरंगणारं सेन्सर टाका. विकत घ्यायचं तर टिल्ट मिळतं, स्वतः सोल्डरिंग करायची हौस असेल तर आयस्पिंडल, त्याचं डिझाइन ओपन सोर्स आहे. प्लॅस्टिकच्या बंद नळीत ईएसपी८२६६ या वायफाय चिपचा छोटा बोर्ड, कल मोजणारा एमपीयू ६०५०, तापमानाला डीएस१८बी२० आणि एक १८६५० बॅटरी, बास. वर्टमध्ये (अजून न आंबलेल्या गोड द्रवात) साखर जास्त असते तेव्हा नळी आडवी पडते, यीस्ट साखर खात जाईल तशी ती हळूहळू उभी होते, आणि त्या कोनावरून ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या (१.०००) तुलनेत घनता, काढायची. बोर्ड दर १५ मिनिटांनी जागा होतो, रीडिंग वायफायवर पाठवतो, परत झोपतो, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. फक्त जागं होण्यासाठी डी० पिन रिसेटला जोडावी लागते, मी ती वायर विसरलो होतो आणि एकच रीडिंग देऊन साहेब कायमचे झोपले.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे कोणत्या कोनाला किती ग्रॅव्हिटी हे ठरवणं, इथे आळस केलात तर पुढचं सगळं फुकट. आधी साध्या पाण्यात नळी साधारण २५ अंशांवर तरंगली पाहिजे, नसेल तर आतली बॅटरी थोडी वरखाली सरकवा. मग साखरेची द्रावणं करा, पण वजनाने हं, कपाने नाही. १०० ग्रॅम साखर आणि ९०० ग्रॅम पाणी म्हणजे १.०४०, ५० आणि ९५० घेतलं तर १.०२०, १५० आणि ८५० ला १.०६१. अशी सहासात द्रावणं २० डिग्रीला ठेवून प्रत्येकात कोन लिहून घ्या आणि त्यातून जे समीकरण येईल ते सेटिंगमध्ये टाका. दुसऱ्या कोणाचं समीकरण कॉपी करू नका, प्रत्येक नळीचा तोल वेगळा असतो.

डेटा गुगल शीटमध्ये घ्या नाहीतर रास्पबेरी पायवर ग्राफ काढा, जे जमेल ते. वायफाय २.४ गिगाहर्ट्झच लागतं, आणि स्टीलच्या फर्मेंटरमधून (बिअर आंबवायच्या भांड्यातून) सिग्नल नीट येत नाही, त्यामुळे राउटर जवळ आणा.

नळी सॅनिटायझरमध्ये बुडवून आत सोडली की खरी मजा ग्राफ बघण्यात आहे. पहिले बारा ते चोवीस तास रेषा सपाट दिसेल, घाबरू नका, यीस्ट अजून वाढतंय. मग ती धाडकन खाली येते, आणि त्याच वेळी तापमानही चढतं कारण यीस्ट काम करताना उष्णता सोडतं, आतलं तापमान खोलीपेक्षा दोनतीन डिग्री वर जाणं अगदी नॉर्मल. या दिवसांत फेस नळीला चिकटतो आणि आकडे उड्या मारतात, मध्येच १.०३० वरून १.०३८ दिसलं म्हणून साखर परत आली नाही, चारपाच रीडिंगचा मधला आकडा धरा आणि आकड्यापेक्षा उतार बघा. १.०५० ला सुरू झालेली बॅच १.०२० लाच अडकून बसली तर तापमान थोडं वाढवून यीस्ट हलकेच ढवळून बघा. आणि फर्मेंटर ठेवलेला फ्रिज कंट्रोल करायचा असेल तर हे रीडिंग वापरू नका, १५ मिनिटं फार उशीर होतो, बाहेरून वेगळा सेन्सर लावा.

अलर्ट लावायचा तर २४ तासांत घट ०.००१ पेक्षा कमी झाली की मेसेज येईल असा लावा. पण त्या मेसेजवर थेट बाटल्या भरायच्या नाहीत! काचेच्या हायड्रोमीटरने दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, आकडा तोच आला तरच भरा, साखर शिल्लक राहिली तर बंद बाटली फुटू शकते. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) इथे चालत नाही, अल्कोहोलमुळे तो आकडा जास्त दाखवतो. अल्कोहोल काढायला सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीतून शेवटची वजा करून १३१ ने गुणा, १.०५० ते १.०१० म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या आसपास.

बाटल्या भरून झाल्या की नळी लगेच धुवा, वाळलेलं यीस्ट चिकटून राहिलं तर वजन बदलतं आणि मग परत साखर तोलत बसा.