रानातल्या चाळीस वर्षांचा मेळ बसत नाही? वाचताना या चुका टाळा

इस्राएल लोकांच्या रानातल्या प्रवासाची हकिकत पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, दोनदा येते. निर्गम आणि गणना या पुस्तकांत ती घडत जाते, तर अनुवाद या पुस्तकात त्यांचा पुढारी मोशे मवाब देशात नव्या पिढीला ती पुन्हा सांगतो. दोन्ही शेजारी ठेवली की फरक दिसतातच. ते झाकायची गरज नाही, पण सगळे फरक एकाच जातीचे नाहीत.

काही निव्वळ घाईने वाचल्यामुळे दिसतात. भटकंती 40 वर्षांची, मग अनुवाद 2:14 मध्ये 38 वर्षं कशी? तिथे मोशे कादेश-बर्ण्यापासून जेरेद ओढ्यापर्यंतचा काळ मोजतोय. सीनायजवळचा मुक्काम त्याआधीचा. हा विरोध नव्हेच.

दुसरी चूक म्हणजे बोलणारा कोण, ऐकणारे कोण, हे न पाहणं. गणना 13 मध्ये कनान देशात हेर पाठवायची आज्ञा देव देतो. अनुवाद 1:22 मध्ये ती मागणी लोकांची आहे. मोशे इथे मुलांना त्यांच्या आईबापांचा दोष दाखवतोय, म्हणून लोकांचा वाटा पुढे येतो. हा फरक जुन्या लेखनिकांनाही खटकला होता. शोमरोनी पंचग्रंथात (शोमरोनी लोकांनी जपलेल्या मोशेच्या पाच पुस्तकांच्या प्रतीत) अनुवादातला तो मजकूर गणना 13 च्या सुरुवातीला घातलेला आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न मोशेचा भाऊ अहरोन याच्या मृत्यूचा, आणि इथेच लोक सगळ्यात सोपं ठिगळ लावतात. गणना 20 आणि 33 प्रमाणे तो होर डोंगरावर वारला, चाळिसाव्या वर्षी, वयाच्या 123 व्या वर्षी. अनुवाद 10:6 मात्र मोसेरा म्हणतो. 'मोसेरा म्हणजे होर डोंगराचा पायथा' असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते देण्याआधी गणना 33 मधली मुक्कामांची यादी बोट ठेवून वाचा. मोसेरोथ (म्हणजे मोसेराच) आणि होर डोंगर यांच्यामध्ये सहा मुक्काम आहेत! शिवाय बनेयाकान हा मुक्काम आणि मोसेरा यांचा क्रमही दोन्हीकडे उलटा आहे. मध्ययुगीन ज्यू भाष्यकार राशी याने परंपरेतलं उत्तर दिलं: अहरोन गेल्यावर लोक मोसेरापर्यंत मागे फिरले आणि तिथे त्यांनी मोठा शोक केला. आजचे अनेक अभ्यासक म्हणतात की प्रवासाच्या दोन वेगळ्या नोंदी इथे एकत्र आल्या आहेत. मला दुसरं उत्तर जास्त पटतं आणि त्याने माझ्या श्रद्धेला धक्का लागत नाही. मजकुरात नसलेला पायथा शोधून काढणं मात्र शास्त्राचा मान राखणं नव्हे.

आकड्यांसाठी फार वेळ घालवू नका. गणना 25:9 मध्ये मरीत 24,000 मेले, प्रेषित पौल त्याच घटनेबद्दल 1 करिंथ 10:8 मध्ये एका दिवसात 23,000 म्हणतो. 'एका दिवसात' हे शब्द निदान नजरेतून सुटू देऊ नका.

शेवटची चूक, अर्धी ओळ वाचून थांबणं. मवाबी लोकांनी अन्नपाणी दिलं की नाही? अनुवाद 2:28-29 वरून वाटतं, दिलं. अनुवाद 23:4 त्यांना ठपका देतो की ते वाटेत भाकरी-पाणी घेऊन सामोरे आले नाहीत. पण पहिल्या ठिकाणी मोशे पैसे मोजून घेतलेल्या अन्नाबद्दल बोलतोय. दुसऱ्या ठिकाणी तक्रार आहे ती दमलेल्या वाटसरूंचं स्वागत न केल्याची.