ग्रुप प्रोजेक्टचं काम वाटून घेण्याआधी

सांगलीत इंजिनिअरिंगला आलात की मिनी प्रोजेक्ट कधी ना कधी वाट्याला येणारच. ग्रुप ठरतो रोल नंबरवर नाहीतर दोस्तीवर, आणि पहिल्याच बैठकीत वाटणी होते: तू लॉगिन, मी डेटाबेस, ती रिपोर्ट. जोडणी मात्र सबमिशनच्या तोंडावर. सुटा चालणारा प्रत्येक भाग एकत्र आणला की अडतो. कोड एकट्यालाही लिहिता येतो. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकायला मिळतं ते या जोडणीत, म्हणून ती पहिल्या आठवड्यातच सुरू करा.

आमचा प्रोजेक्ट मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी होता, हळदीच्या हिशोबपट्टीचा, म्हणजे विकलेल्या मालाचे शेतकऱ्याला किती पैसे मिळणार ते दाखवणाऱ्या कागदाचा. काट्यावर वजन किलोत येतं आणि सौद्यात भाव बोलतात क्विंटलचा. वजनाची स्क्रीन एकाकडे आणि पट्टीची दुसऱ्याकडे असेल तर भागाकार कुणी करायचा? आम्ही कोडला हात लावण्याआधी वहीत लिहिलं: वजन किलोतच साठवायचं, शंभरने भागायचं ते फक्त पट्टीच्या फंक्शनमध्ये. खाली हाताने केलेलं एक उदाहरण. २६० किलो, भाव १४,००० रुपये, रक्कम ३६,४०० रुपये. हीच आमची पहिली टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारा छोटा कोड. भागाकार राहून गेला तर उत्तर ३६,४०,००० येतं आणि टेस्ट तिथल्या तिथे बोंब मारते.

दुकानाच्या दिवाणजींनी तर डिझाइनच बदलायला लावलं. 'एकाच शेतकऱ्याच्या दोन लॉटना दोन भाव लागले तर?' असं त्यांनी विचारलं. भाव शेतकऱ्याच्या पावतीला नाही, लॉटला जोडायला हवा, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. शिवाय हमाली, तोलाई आणि आधी दिलेली उचल वजा होते ती पूर्ण पट्टीतून. असा प्रश्न वर्गात बसून सुचत नाही. वापरणाऱ्या माणसाकडे वही घेऊन जा, आणि पुन्हा जा.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, सगळ्यांना आलंच पाहिजे, एकट्या 'हुशार' मेंबरला येऊन भागत नाही. लहान बदल करा, रोज मेन ब्रँचमध्ये (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) मर्ज करा, म्हणजे मिसळा, आणि दुसऱ्याने वाचल्याशिवाय मर्ज नको. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण एकमेकांचा कोड समजायला लागतो तो इथेच.

ग्रुप चौघांचा असेल तर उत्तम. चौघांत बोलायच्या जोड्या ६ होतात, सहा जणांत १५. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, हे आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय.

एखादा मेंबर काहीच करत नसेल तर लगेच गाईडकडे तक्रार नेऊ नका. बऱ्याचदा त्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नसतं. एक दुपार शेजारी बसवून त्याच्याकडून एक टेस्ट लिहून घ्या आणि ती गिटमध्ये त्याच्याच नावाने कमिट करू द्या, म्हणजे नोंदवू द्या. व्हायवात 'यात तू काय केलंस?' हा प्रश्न येतोच, तेव्हा त्याच्याकडे दाखवायला स्वतःचं काहीतरी असेल.