जुन्या बोल्ट रायफलचा नेम कसा सुधारावा

वापरलेली ३१५ बोरची बोल्ट रायफल परवान्यावर रीतसर नोंदवून घेतली, की लगेच महागडी दुर्बीण बसवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण गोळ्या विखुरण्यामागे बहुधा मळलेली नळी किंवा सैल स्क्रू असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही रायफल नावापुरतीच शिकारीची उरली आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरची काळविटे डोळे भरून पाहावीत, नेम मात्र मान्यताप्राप्त रेंजवर कागदावरच धरावा.

मॅगझिन काढून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, रिकामे असल्याची बोटाने खात्री करावी आणि मगच बोल्ट बाहेर काढावा. सळई मागच्या बाजूने, म्हणजे काडतूस शिरते तिथूनच घालावी. पुढून घातल्यास नळीच्या तोंडाची कड झिजते, आणि नळी सोडताना गोळी शेवटी त्याच कडेला स्पर्शून जाते. तांबे काढणाऱ्या द्रावणात भिजवलेल्या सुती चिंधीवर निळसर-हिरवा डाग उमटत असेल, तोवर गोळ्यांनी नळीत सोडलेले तांबे शिल्लक आहे असे समजावे.

त्यानंतर दस्ता, म्हणजे रायफलचा लाकडी भाग, पाहावा. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात आकसते. एका मे महिन्यात माझ्या रायफलचा मागचा स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला होता. तेव्हापासून आवळलेल्या स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत मी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवतो. स्क्रू फिरला की ती तुटलेली दिसते. नळीवर लाकडाचा दाब येत असला तरी ते स्वतः कोरू नये, कारण काही रायफलींत तो दाब मुद्दाम ठेवलेला असतो. ते काम आणि ट्रिगरचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

चाचणी सकाळी लवकर, एकाच पेटीतल्या काडतुसांनी, ५० मीटरवर करावी. जाड सोलापुरी चादरीची घट्ट घडी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ठेवावी, नळी तिला टेकू देऊ नये. पाच गोळ्या झाडून नळी थंड होऊ द्यावी आणि आधी केवळ त्यांचा पसारा मोजावा. काडतुसांचा कोटा मर्यादित असल्याने एका वेळी एकच बदल करून वहीत टिपावा. पसारा आवळून आल्यावरच माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा काटा) हलवावी: गोळ्या डावीकडे जात असतील तर माशीही डावीकडेच सरकवावी.