अश्मीभूत लाकडाचे बुकएंड: कापण्यापासून चकाकीपर्यंत

बुकएंड म्हणजे पुस्तकांच्या रांगेला दोन्ही टोकांना लावायचे आधार. ते इथे अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या लाकडाचे करायचे आहेत. अश्मीभूत लाकडात लाकूड जवळजवळ उरलेलं नसतं. त्याच्या जागी बहुतेक वेळा सिलिका असते, म्हणजे अकीक-गारगोटीच्या कुळातला दगड. कडकपणा मोज मापावर (खनिजांचा कडकपणा 1 ते 10 मध्ये सांगणारं माप) 6.5 ते 7. त्यामुळे सुतारकामाची हत्यारं इथे निरुपयोगी, सगळं काम हिऱ्याच्या ब्लेडचं आणि कार्बोरंडम (सिलिकॉन कार्बाइड) या घासायच्या पुडीचं.

दगड विकत घ्यावा. बाजारात इंडोनेशियाचा माल बराच येतो. जैसलमेरजवळचं आकल, तमिळनाडूतलं तिरुवक्करै किंवा आपल्या सिरोंचाजवळचं वडधम इथून तुकडा उचलून आणू नका. या जागा जपलेल्या आहेत आणि तशाच राहायला हव्यात. घेताना न दिसणाऱ्या बाजूवर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर त्यात कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज आहे, त्याला अशी चकाकी येणार नाही. नाण्याने ठोकून पाहा: बद्द आवाज आला तर आत भेग असण्याची शक्यता जास्त.

सुमारे 12 सेंमी व्यासाचा ओंडका घ्या. आडवा कापून शेजारशेजारच्या 5 सेंमी जाडीच्या दोन चकत्या काढा. मधल्या कापाचे दोन्ही चेहरे एकमेकांचे आरसे असतात, तेच दर्शनी ठेवायचे. मग प्रत्येक चकतीला तळ आणि पुस्तकं टेकतील ती बाजू काटकोनात कापा. डाव्या तुकड्याची उजवी बाजू, उजव्याची डावी. कापण्याआधी खडूने खूण करा, नाहीतर दोन्ही तुकडे एकाच बाजूचे होतात. कापून झाल्यावर प्रत्येकी किलोभर वजन राहतं, पुस्तकांची छोटी रांग धरायला ते पुरतं. हातातल्या 4 इंची कटरची खोली इथे पुरत नाही. ग्रॅनाइट कापणाऱ्या कारखान्यातून, ग्रॅनाइटच्याच ब्लेडवर, पाणी सोडून कापून घ्या. घाईने दाबलं की ब्लेड वाकतं आणि चेहऱ्यावर लाटा उमटतात.

आता घासणं. आधी धारदार कडा 1-2 मिमी तिरप्या घासून बोथट करा, नाहीतर त्यांचे कपचे उडून चेहऱ्यावर चरे पाडतात. जाड सपाट काचेवर 80 नंबरची कार्बोरंडम पूड (नंबर जितका मोठा, तितकी पूड बारीक) चमचाभर, थोडं पाणी, आणि इंग्रजी आठच्या आकारात घासा. चेहऱ्यावर पेन्सिलने जाळी काढून ठेवा. घासल्यावर रेघा जिथे उरतील तो भाग खोलगट. मग 220, 400, 600, 1000. दर नंबरला दगड, हात, बादली सगळं धुवा आणि काच बदला. 80 चा एक दाणा 600 मध्ये शिरला की परत मागे जावं लागतं.

खरी चकाकी 400 आणि 600 लाच ठरते. पॉलिशची पूड चरे काढत नाही, उलट उठून दिसतील असे करते. ओल्या दगडावर चरे लपतात, म्हणून दर टप्प्याला पूर्ण वाळवून दिव्याखाली तिरपा धरून बघा. भेगा असतील तर 220 नंतर दगड उन्हात चांगला वाळवून पातळ इपॉक्सी जिरू द्या, आणि ते घट्ट झाल्यावर 220 पुन्हा फिरवा.

शेवटी फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चाकावर सिरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पुडीची पातळ पेस्ट, कमी वेगात. फेल्ट ओलसर हवं. कोरडं पडलं की दगड तापून तडकू शकतो. काही ठिकाणी खळगे पडले तर तिथे सिलिका कमी भरलेली आहे. मऊ फेल्टने ते वाढतात, तिथे कडक चामडं वापरा. वार्निश मात्र लावू नका. त्याला ओरखडे पडतात, कालांतराने ते पिवळं पडतं, आणि मूळ दगडाची झळाळी त्याखाली दबते.

कोरडं कधीच कापू-घासू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. पाणी वापरतानाही चांगला मास्क हवा. घासलेला गाळ मोरीत ओतला तर पाइपात घट्ट बसतो. बादलीत खाली बसू द्या, वरचं पाणी ओता, गाळ कचऱ्यात टाका. तळाला 2 मिमीचं कॉर्क किंवा फेल्ट चिकटवा, फळीवर ओरखडे येत नाहीत. पुसायला ओलं फडकं पुरे, ॲसिडचे क्लीनर नकोत: लाल-पिवळे रंग लोहाचे आहेत, पृष्ठभागावरून ते उतरू शकतात.