तांबटाची चोच मिटलेलीच ठेवा: जलरंगातला पक्षी एआयने हलता करताना

तांबट ओरडतो तेव्हा चोच उघडत नाही. मिटल्या चोचीनेच त्याचं 'टुक्-टुक्-टुक्' चालू असतं. प्रत्येक टुकीला गळ्याच्या दोन्ही बाजू फुगतात, बसतात आणि डोकं हलकंसं खाली-वर होतं. उन्हाळ्यात सांगलीतल्या आमच्या गच्चीवरून समोरच्या उंबरावर हे रोज दिसतं. त्याच तांबटाचं चित्र एआयला देऊन नुसतं 'पक्षी गातो आहे' असं लिहिलंत, तर तो बहुतेक वेळा चोच वासून गाणार. म्हणून माझा आग्रह असा, की टूल कोणतं घ्यायचं हे नंतर ठरवा, आधी पक्षी नीट बघा. त्याची एकच सवय निवडा आणि तीच हलती करा.

तसं टूल कोणतंही चालतं. क्लिंग, रनवे, लुमा, गुगलचं व्हिओ, सगळ्यांची पद्धत सारखीच आहे: चित्र चढवायचं, काय हलावं ते लिहायचं, की काही सेकंदांची क्लिप मिळते. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं.

चित्र काढतानाच हालचालीचा विचार करा. पक्षी कागदाच्या कडेला चिकटून नको. पंख उघडणार असतील तर ते मावतील एवढी जागा भोवती सोडा. व्हिडिओ आडवा हवा असेल तर १६:९ च्या मापात पेन्सिलची चौकट आखून मगच रंगवायला घ्या. पाय आणि फांदी यांच्यात गडद रेषेचा फरक ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. तांबटाची बोटं लालसर असतात. ती तपकिरी फांदीत विरघळलेली असतील तर एआयला पाय कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळत नाही, आणि पक्षी हलला की फांदीही वाकते.

चित्र पूर्ण वाळल्यावर फोटो घ्या. स्कॅनरवर फिकट वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचे थर, बऱ्याचदा उडून जातात. तांबटाच्या पोटावरच्या हिरवट रेघा तर हमखास जातात. त्यामुळे मी कागद बोर्डावर सपाट चिकटवते, उत्तरेच्या खिडकीजवळ सावलीत उभा करते आणि मोबाईल अगदी समोरासमोर धरून फोटो काढते. फ्लॅश बंद. मग फोटोतला कागदाचा रंग मूळ कागदाशी ताडून बघायचा. पिवळसर झाला असेल तर आताच दुरुस्त करा, कारण क्लिप तयार झाल्यावर रंग सुधारणं किचकट होतं.

चढवण्याआधी फोटोच्या प्रतीतून तुमची सही पुसून टाका. अक्षरं एआयच्या हातात वितळतात, पाच सेकंदांत सहीची गिचमिड होते. ती शेवटी एडिटिंगमध्ये परत ठेवता येते.

आता प्रॉम्प्ट, म्हणजे काय हलावं ते टूलला सांगणारा मजकूर. ही टूल्स इंग्रजी जास्त नीट पाळतात, तेव्हा मराठीत लिहून भाषांतर करून घ्या आणि पक्ष्याचं इंग्रजी नाव स्वतः घाला, इथे कॉपरस्मिथ बार्बेट. तांबटासाठी माझा मजकूर साधारण असा असतो:

'जलरंगातलं चित्र. कॅमेरा स्थिर. फांदीवर बसलेला कॉपरस्मिथ बार्बेट. चोच पूर्ण वेळ मिटलेली. गळा लयीत फुगतो आणि बसतो, सेकंदाला दोनदा. प्रत्येक वेळी डोकं किंचित खाली-वर. पाय आणि फांदी स्थिर. पार्श्वभूमी आणि कागदाचा पोत बदलू नये.'

'कॅमेरा स्थिर' हे शब्द गाळू नका. ते नसले की टूल हळूहळू झूम करत पक्ष्याच्या तोंडाशी जातं आणि तुमची रचना मोडते.

क्लिप आली की ती एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. आधी डोळा, मग बोटं, मग पिसांच्या कडा. जलरंगाचा ओघळ पुढे पुढे खऱ्या पिसांसारखा गुळगुळीत होऊ लागतो, हे नेहमी घडतं. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद तुमच्या हाताचे वाटतात, पुढचे फोटोसारखे. तिथे मन घट्ट करून कापा. चित्रकाराचा हात दिसेनासा झाल्यावर ती क्लिप कितीही सुबक असली तरी आपल्या कामाची नाही.

राहिला कागद. कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खडबडीत जलरंगाच्या कागदाचा रवा क्लिपमध्ये मुंग्या चालल्यासारखा हलत राहतो. त्यावर उपाय सोपा आहे. एडिटिंगमध्ये खालच्या ट्रॅकवर मूळ चित्राचा स्थिर फोटो ठेवा, वरच्या ट्रॅकवर एआयची क्लिप. क्लिपला मास्क लावून फक्त हलणारा भाग उघडा ठेवा, मास्कची कड मऊ करा. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे होतं. तांबटासाठी डोक्यापासून छातीवरच्या लाल पट्ट्यापर्यंतच मास्क पुरतो. बाकी पोट, पाय, फांदी, आकाशाचा वॉश हे सगळं तुम्ही रंगवलेलंच दिसतं. माझ्या मते एवढी एक पायरी शिकलात तरी काम निम्म्याहून जास्त सुधारतं.

दुसरे पक्षी घेताना त्यांच्या खोडी लक्षात ठेवा. शिंजीर फुलाशी क्वचित थोडा वेळ तरंगतो, एरवी देठाला धरून बसूनच मध पितो. एआय मात्र त्याला सतत हवेत ठेवतं, म्हणून 'देठावर बसलेला' असं स्पष्ट लिहा. बगळा उडताना मान इंग्रजी 'एस'सारखी आखडून घेतो, करकोचा सरळ लांब ठेवतो. धोबी शेपूट खाली-वर हलवतो, तर नाचण शेपटीचा पंखा उघडतो. वेडा राघू किडा पकडून बहुतेक त्याच फांदीवर परततो. त्यासाठी लुमा किंवा क्लिंगमध्ये पहिली आणि शेवटची फ्रेम म्हणून तेच चित्र द्या. क्लिप जिथून निघते तिथेच येऊन थांबते आणि न तुटता पुन्हापुन्हा फिरवता येते.

आवाज टूलकडून घेऊ नका. काही टूल्स आता व्हिडिओसोबत आवाजही बनवतात, पण तो कोणत्या पक्ष्याचा हे कुणीच सांगू शकत नाही. पहाटे मोबाईलवर स्वतः रेकॉर्ड करा, नाहीतर झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या ऑनलाइन संग्रहातून घ्या. तिथे प्रत्येक रेकॉर्डिंगचा परवाना वेगळा असतो. काहींत फेरफाराला बंदी असते, तेव्हा आधी वाचा. मग तांबटाची एकेक 'टुक्' सुटी कापा आणि गळा सर्वांत फुगलेला असेल त्या फ्रेमवर बसवा. सलग आवाज खाली टाकला तर तो दोन सेकंदांत लयीतून सरकतो.

क्लिप लोकांपुढे ठेवताना खाली लिहा: चित्र जलरंगात, हालचाल एआयने. आवाज दुसऱ्याचा असेल तर त्याचं नावही द्या. आणि पक्षी-नोंदींच्या संग्रहात ही क्लिप पुरावा म्हणून कधीही चढवू नका. अभ्यासक त्या नोंदींवर विसंबून असतात.